आबांचा हसरा फोटो

आबा हसत होते. चक्क दात दाखवून हसत होते. कॅमेऱ्याच्या खिडकीतून ते दिसलं आणि सुश्रुतचा आपल्या नशिबावर विश्वास बसेना.

वर्तकनगरच्या घरात आबांची पंच्याहत्तरी चालली होती. तबकात पंच्याहत्तर दिवे, पाटावर आबा आणि समोर गुडघे टेकून बसलेला त्यांचा जावई सुश्रुत. आबा मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले. कॅमेरा दिसला की ते प्रार्थनेला उभे राहिल्यासारखे ताठ व्हायचे. "या वयातला फोटो शेवटी हार घालायलाच लागतो," असं त्यांचं म्हणणं, "मग उगाच दात कशाला काढायचे?" त्यामुळे नीरजाकडे वडिलांचे ढीगभर फोटो होते आणि एकातही ते हसत नव्हते. तिला एकच हवा होता, हसरा. आज तो मिळाला नाही तर नवा कॅमेरा दुकानात परत जाणार, असं नवरा-बायकोत ठरलं होतं.

कारण या कॅमेऱ्यापायी सुश्रुतने एसएलआरचं सगळं बिऱ्हाड विकलं होतं. दोन कॅमेरे, पाच लेन्सेस, फ्लॅश, पार बॅगेसकट. बदल्यात आला होता एक चिमुकला डिजिटल रेंजफाइंडर आणि एकुलती एक लेन्स. नीरजाच्या मते हे भरलं घर सोडून एका खोलीत राहायला जाण्यासारखं होतं. सुश्रुत मात्र महिनाभर दिसेल त्याला धरून समजावत होता, "जुन्यात लेन्समधूनच बघायला लागायचं. यात लेन्समधून बघायचंच नाही! बाजूला वेगळी खिडकी असते." मागचा स्क्रीनही त्याने बंद करून टाकला होता. दर फोटोनंतर स्क्रीन बघणं हे त्याच्या लेखी कच्च्या गड्याचं लक्षण. आणि आज तर पाहुण्यांना मोबाईल काढायचीही बंदी होती. मध्ये मध्ये कोणाचे हात नकोत.

औक्षण झालं, पेढे झाले, आबा हसतच होते. एकदा तर त्यांनी सुश्रुतकडे बघून डोळा मारला. नीरजाचं सगळं लक्ष दिव्यांवर, तरी तिलाही ते हसू ऐकू येत होतं. सुश्रुत कधी गुडघ्यावर, कधी स्टुलावर, घाम पुसत फोटो काढत राहिला.

डोंबिवलीला परतताना शीळफाट्याला गाड्या तुंबल्या. एरवी सुश्रुतने सगळ्या जगाचा उद्धार केला असता. आज तो शीळ घालत होता.

"अगं, आवाजच नाही ना याला! जुना कॅमेरा खटॅक करायचा आणि आबा गोठायचे. आज त्यांना कळलंच नाही मी कधी काढतोय ते."

"सॉरी रे," नीरजा म्हणाली. "मीच उगाच बोलत होते."

लग्नानंतर हे वाक्य त्याने क्वचितच ऐकलं होतं. घरी पोचल्यावर त्याने हातपायही धुतले नाहीत. कार्ड काढून थेट कॉम्प्युटरला लावलं.

पहिला फोटो काळा. दुसरा काळा. तिसऱ्यात अंधार, दहाव्यात अंधार. सुश्रुतने बॅग उघडली. लेन्सवर काळं झाकण घट्ट बसलेलं होतं. जुन्या कॅमेऱ्यात झाकण राहिलं की बघणाऱ्याच्याच डोळ्यापुढे अंधार यायचा, लगेच कळायचं. इथे खिडकीला सगळं लख्ख दिसत होतं आणि लेन्सला काही म्हणता काही नाही.

नीरजा भांडली असती तर परवडलं असतं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"मिळाले होते रे आबा हसताना," ती एवढंच म्हणाली. सुश्रुतला स्वतःची लाज वाटली.

तेवढ्यात आबांच्या बहिणीचा, जयाआत्याचा, फोटो पाठव म्हणून फोन आला. सुश्रुतने रडवेल्या आवाजात झाला प्रकार सांगितला.

"झाकण ना? दिसत होतं की!" आत्या म्हणाली. "मला वाटलं, नव्या कॅमेऱ्याचं असंच असेल. तूच म्हणालेलास ना, लेन्समधून बघायचंच नाही म्हणून?"

रविवारी दोघं पुन्हा वर्तकनगरला गेले. कॅमेरा परत करण्याआधी एकदा आबांची माफी मागायची होती. सुश्रुत त्यांच्या समोर बसला. झाकण या वेळी आधीच खिशात गेलं होतं. कॅमेरा मांडीवर ठेवता ठेवता सवयीने त्याने आबांच्या खुर्चीपर्यंतचं अंतरही लेन्सवर लावून टाकलं. मग मान खाली घालून सगळं कबूल केलं.

आबांनी चहाचा कप खाली ठेवला.

"पहिल्याच फोटोला दिसलं होतं मला झाकण."

"आबा! मग सांगायचं नाही का?" नीरजा ओरडली.

"सांगितलं असतं तर हसता आलं असतं का मला? फोटो येतच नाहीये म्हटल्यावर मनसोक्त हसून घेतलं. आणि हे आमचे सुश्रुतराव! स्टुलावर काय चढतायत, एक डोळा काय मिटतायत..."

त्यांना पुढे बोलवेना. खुर्चीत मागे रेलून, डोळे पुसत, खोकत, आबा हसत सुटले. त्यांना बघून नीरजालाही राहवेना.

बऱ्याच वेळाने ते सावरले. चष्मा नीट केला, कॉलर सारखी केली, हात मांड्यांवर ठेवले आणि प्रार्थनेचा चेहरा केला.

"हं, सुश्रुतराव. काढा आता काय तो फोटो."

सुश्रुतने खिशातलं झाकण काढून मांडीवरच्या कॅमेऱ्याला लावलं.

"मघाशीच काढला, आबा."