जांभळा दिवा

घाटकोपरच्या औषधांच्या प्रयोगशाळेत दत्ताराम कत्तलखान्यातून बैलाचं पित्त आणून द्यायचा. त्या सकाळी तो डबा घेऊन दारात आला, तेव्हा आत कपाटातून टेट्रासायक्लीन या औषधाच्या पुडीची बाटली गायब झाल्याचा गोंधळ चालला होता.

"मी आज कपाटाजवळ फिरकलोसुद्धा नाही! हाच रोज आत-बाहेर करतो," असं ओरडत स्टोअरकीपर मार्तंड त्याच्यावर तुटून पडला. डबा उलटला आणि दत्ताराम पित्ताने न्हाऊन निघाला. तरी मार्तंडने त्याचा गळा आवळून डोकं भिंतीवर आपटलं.

"बोल भडव्या, कुठे लपवलीस?"

"देवाशपथ, मी नाय घेतली!" दत्तारामच्या तोंडातून रक्त आलं.

"सोडा त्याला, मरेल तो!" केमिस्ट सुनंदाबाई मध्ये पडल्या. "ही पूड पित्ताला लागली की जांभळ्या अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली चमकते. त्याने घेतली असेल तर त्याचे हातच सांगतील."

खिडक्या झाकून दिवा लावला. दत्तारामने डोळे गच्च मिटून हात पुढे केले. त्यांवर चमक नव्हती.


त्याच्या गळ्यावर मात्र मार्तंडची पाचही बोटं पिवळीजर्द पेटली होती.