बोळीकडची खिडकी

"बघत काय उभा राहिलास? घाल घाव," पंचफुलाबाई म्हणाली.

शिवमूर्ती मिस्त्रीने घण खाली टेकवला आणि वैजनाथकडे पाहिलं. ही भिंत मिस्त्रीनेच बांधली होती. गिलावा अजून नवाकोरा होता. ओट्याची फरशी चकाकत होती. स्वयंपाकघरातली भांडीकुंडी म्हातारीने सकाळीच वैजनाथकडून अंगणात काढवून घेतली होती.

वैजनाथने मान खाली घातली. "माय म्हणती तसं कर," तो म्हणाला.

लातूरच्या त्या वस्तीत वैजनाथचं जुनं घर म्हणजे मातीच्या भिंती आणि वर पत्रे. पावसाळ्यात भिंती खालून ओल धरायच्या. हिवाळ्यात चुलीचा धूर पत्र्याखाली कोंडायचा. पंचफुलाबाईला दमा होता. रात्र रात्र ती भिंतीला टेकून बसूनच काढायची. घरकुल मंजूर झालं तेव्हा वैजनाथने ठरवलं, मायला झोपायला कोरडी खोली द्यायची आणि चूल वेगळ्या स्वयंपाकघरात न्यायची. पण जागा एवढीशी. शेजारच्या सोमेशच्या आणि आपल्या घरामधली बोळ आत घेतली, तरच स्वयंपाकघर बसत होतं. सोमेशच्या घराला एकच खिडकी होती, आणि ती त्या बोळीत उघडायची.

वैजनाथ विचारायला गेला, तेव्हा सोमेश मोंढ्यात पोती उचलायला गेला होता. त्याची बायको रेणुका दारात ज्वारी निवडत बसली होती. ऐकून ती निवडायची थांबली. बराच वेळ सुपातच बघत राहिली.

"बांधा की भाऊ," ती शेवटी म्हणाली. "मावशीला बरं वाटंल."

भिंत उभी राहिली, खिडकी बुजली. स्लॅब पडला. त्या हिवाळ्यात पंचफुलाबाई कित्येक वर्षांनी आडवी होऊन झोपली. तिच्या अंगात बळ आलं. रेणुका लोकांच्या घरी पोळ्या लाटायला जायची, तेव्हा तिची लहानगी अंबिका दिवसभर पंचफुलाबाईच्या मांडीवर असायची. पोरगी तिच्याच ताटात जेवायची, तिच्याच पदराला तोंड पुसायची. वैजनाथला मूलबाळ नव्हतं. म्हातारीला वाटायचं, हे दुसरं घरकुलच मिळालं.

मग भिंतीपलीकडून खोकला ऐकू यायला लागला.

"धूर कोंडून राहिला मावशी. दुसरं काय न्हाई," रेणुका म्हणायची आणि हसून विषय टाळायची. पण ती वाळत चालली. पोळ्यांची कामं सुटली. शेवटी सोमेशने तिला उचलून दवाखान्यात नेलं. तिथून ती घरी आली ती रुग्णवाहिकेतून, पांढऱ्या कापडात.

"छातीचं दुखणं होतं," एवढंच सोमेश सगळ्यांना म्हणाला.

माती झाल्यावर पंचफुलाबाई त्यांच्याकडे पिठलं-भाकरी घेऊन गेली. बाहेर लख्ख ऊन होतं आणि आत तिला पोरगी कुठं बसलीय तेही दिसेना. भिंतींना ओलीचा वास येत होता. खिडकीच्या जागी काजळीचा चौकोन तयार झाला होता. धूर बाहेर जायला वाट शोधत रोज तिथंच येऊन धडकत असणार. पंचफुलाबाईने त्यावर हात फिरवला. तळवा काळा झाला.

त्या दिवसापासून तिने नव्या स्वयंपाकघरात पाऊल टाकलं नाही. अंगणात तीन दगड मांडून त्यावर भाकरी भाजायला लागली. वैजनाथने समजावलं, चिडला, गयावया केली.

"माझा श्वास मोकळा झाला तो तिचा कोंडून," ती म्हणाली. "आता पोरगी त्याच अंधारात झोपती. पाड ती भिंत."

आणि आज मिस्त्री आला होता.

पहिल्या घावाला गिलाव्याची खपली उडाली. दुसऱ्या घावाच्या आधी सोमेश अंबिकेला कडेवर घेऊन धावत आला.

"थांबा मावशी. कशापायी पाडता?"

"माझ्यामुळं गेली रे ती. मला शिव्या दे, पण भिंत पाडू दे."

"तुमच्यामुळं न्हाई." सोमेशचा आवाज एकदम बारीक झाला. त्याने मिस्त्रीकडे पाहिलं, मग वैजनाथकडे. "तिला आधीपासनंच टीबी होता. भाऊ विचारायला आले, त्याच्या आधीच डॉक्टरनं सांगितलं होतं. खिडकी उघडी ठेवत जा, म्हणून बजावलं होतं. गोळ्या लपवून खायची. पोळ्यांची कामं जातील म्हणून कुणाला कळू दिलं न्हाई. पुढं गोळ्या बी सुटल्या."

पंचफुलाबाई त्याच्या तोंडाकडे बघतच राहिली.

"मग ती हो का म्हणली?"

"मी बी लई भांडलो तिच्याशी." सोमेशने पोरीचं डोकं खांद्यावर दाबून धरलं. "ती म्हणली, न्हाई म्हणावं तर कारण सांगावं लागंल. अन् कारण कळल्यावर मावशी आपल्या अंबीला मांडीवर घेणार न्हाईत."

घणाची धूळ हळूहळू खाली बसत होती.

"पोरीची तपासणी केली मी," सोमेश घाईघाईने म्हणाला. "तिला काय बी न्हाई मावशी."

अंबिकेने मान वर केली. मावशीआजी दिसताच तिने रोजच्यासारखे दोन्ही हात पसरले आणि तिच्याकडे झेप घेतली.

कळलं असतं तरी पोरीला मांडीवर घेतलं असतं, असं पंचफुलाबाईला म्हणायचं होतं. पण तिचा पाय एक पाऊल मागे गेला होता.