राखणदाराचा नारळ

"सायबानू, सामन्याआधी जागेच्या राखणदाराक नारळ देवक व्हयो," गवंडी बाळाजी म्हणाला, तेव्हा पुण्याचे इंजिनीअर लेले फिस्सकन हसले. कोकणातलं खूळ विमानात बसून बहारीनला आलं म्हणायचं! मीना सलमान बंदराजवळ समुद्रात भराव घालून बांधलेलं हे बेसबॉलचं स्टेडियम. इथली जमीनच मुळी दोन वर्षांची, तिला कुठला आलाय राखणदार? त्यांनी नारळ हिसकावला आणि भिंतीपलीकडच्या समुद्रात भिरकावला.

"खलास! पोचला तुझ्या राखणदाराला."

शुक्रवारी दुपारी अमेरिकन संघाचा या मैदानावरचा पहिला सामना सुरू झाला. पहिलाच टोला भिंतीवरून समुद्रात गेला आणि क्षणात चेंडू मैदानात परत आला.

"असतील कुणी रिकामटेकडे कोळी," लेले म्हणाले.

दुसराही परत आला. तिसरा आला तेव्हा ते वैतागून शिडीनं भिंतीवर चढले. पलीकडे ना होडी, ना माणूस. नुसतं संथ पाणी.

ते खाली उतरले, तोच त्यांच्या बुटांपाशी काहीतरी धप्पकन पडलं. नारळाची एक कवड होती, नुकतीच फोडलेली.

लाथाडायला लेल्यांनी पाय उचलला. बाळाजीनं तो दोन्ही हातांनी घट्ट धरला.

"सायबानू, प्रसाद आसा तो. नको म्हणूचा नाय."