पाच बोटं

विकीची पाठ वळली आणि आवडाबाईने कमरेची कुंकवाची डबी काढली.

डोंबिवली एमआयडीसीतल्या त्या पावडर कोटिंगच्या गाळ्यात खुर्चीचा सांगाडा हुकाला टांगलेला होता. गंज उतरवलेला, धुतलेला, नुसता राखाडी. कुणीतरी टाकून दिलेली ही बॅटरीवर चालणारी खुर्ची शेजारच्या विकीने शोधून आणली, मोटर दुरुस्त करवली, आणि आता आपल्या गाळ्यात रंगही तोच देत होता. तिच्या नवऱ्याचे, काळुरामचे, पाय गेले तेव्हापासून तो टेंभी नाक्याच्या देवीला गेला नव्हता. देवीपुढे कुणी उचलून नेलेलं त्याला चालायचं नाही. "मेल्यावर हायतच चार जण," म्हणायचा. आज नवरात्रातली नवमी. देवी उद्या विसर्जनाला उठणार होती.

पुजल्याशिवाय गाडी दारात न्यायची नाही, एवढं आवडाबाईला पक्कं ठाऊक. तेलात कालवलेल्या कुंकवात तिने बोटं बुडवली आणि डाव्या दांडीवर, नवऱ्याचा हात टेकणार होता तिथेच, पाचही उठवली. विकीचं भलं कर म्हणून देवीला सांगितलं. तेवढ्यात त्याची चाहूल लागली. पोरगा ओरडेल म्हणून तिने घाईघाईने पदराने पुसून टाकलं. कुंकू निघालं, तेल मात्र राहिलं.

विकीने निळी पावडर फवारली, सांगाडा भट्टीत घातला. बाहेर आला तो असा झकास, की बाकावर बसलेल्या काळुरामच्या तोंडून "वा रं!" निघालं. विकीने हातमोजे घालून तो फिरवून पाहिला आणि थबकला. डाव्या दांडीवर पाच जागी रंग धरलाच नव्हता.

"आजी, याला हात लावलेला का? धुतल्यावर बोट पण लावायचं नसतं. तेल असलं की पावडर बसत नाही."

आवडाबाईचं तोंड एवढंसं झालं. ज्याचे उपकार कसे मानावेत कळत नव्हतं, त्याच्याच कामाची तिने माती केली होती. "मीच रं. कुंकू लावला. मना काय ठावं?"

"सगळं काढून परत मारायला लागेल. आज नाय होणार."

"मंग देवी गेली," ती कशीबशी म्हणाली.

"असाच राहू दे," काळुराम बाकावरून बोलला.

"आजोबा, तिकडे गंज धरेल."

"धरू दे. मना बी धरलाय. चाकं बसव तू."

सांगाडा थंड झाल्यावर विकीने चाकं, बॅटरी, बैठक बसवली आणि काळुरामला आधार देऊन खुर्चीत घेतलं. त्याने उजवा हात चालवायच्या कळीवर ठेवला, डावा दांडीवर. बोटांनी चाचपत त्याने एकेक खळगा शोधला. पाचही सापडले तसा तो बायकोकडे बघून हसला.

"या हाताला मशीन, या हाताला तू. आता मना कोण उचलतंय?"

आवडाबाईचे डोळे भरून आले. तिने पुन्हा डबी उघडली आणि विकीपुढे बोट धरलं.

"तुज्या कपालाला तरी लावू ना रं? का तोय धुतलेला हाय?"

विकीने हसत मान खाली केली. ती टिळा लावते आहे तोवर काळुरामने कळ पुढे ढकलली होती. खुर्ची गाळ्याबाहेर पडली, रस्त्याला लागली.

"अवो, थांबा!" म्हणत आवडाबाई हातात उघडी डबी घेऊन त्याच्या मागे पळत सुटली.