तिसरं उष्टावण

कालिंदीने मऊ भात कालवला आणि पन्नाशीच्या नवऱ्याचं, भास्करचं, तिसऱ्यांदा उष्टावण केलं. त्याच्या ल्युकेमियात बिघडलेल्या एका जनुकाने इतर जनुकांवर नको तिथे खुणा केल्या होत्या, म्हणून रक्तातल्या पेशी मोठ्या होणंच विसरल्या होत्या. औषध त्या खुणा पुसायचं, पण प्रत्येक फेरीत त्यांच्याबरोबर काय काय सोसायचं हे जन्मभर शिकलेलंही शरीर विसरायचं.

"मिरची कधी देशील?" भास्करने विचारलं.

"आधी मीठ तर सोसू दे," ती थकून म्हणाली आणि सवयीने त्याच्या मनगटावर हात ठेवला. तिच्या बोटांखाली लाल गांधी उठल्या. तिने हात मागे घेतला.

"हात राहू दे," तो म्हणाला. "मिरचीचं नंतर बघू. आधी तुझी सवय होऊ दे."