नकोचा स्टिकर

"नको म्हणताना कुणी हसतं का?" शर्वरी मोबाईलवरच खेकसली. लकव्याने वाचा गेलेल्या सासऱ्यांसाठी ती एआयकडून हलते स्टिकर बनवून घेत होती. चहा, पाणी, औषध चटकन जमले; 'नको'चा चेहरा मात्र दर वेळी गोड हसायचा. सोळाव्यांदा तर हाताला सहा बोटं आली.

"तात्या, आता तुम्हीच चिडून दाखवा!"

तात्यांनी कपाळाला आठ्या घालून डावा हात झटकला. तिने ते टिपून एआयला दिलं आणि स्टिकर जमला.

तेवढ्यात घरच्या ग्रुपवर मोठ्या दिरांचा मेसेज आला: 'तात्यांना वृद्धाश्रमात ठेवू या. त्यांची हरकत नसेल.'

तात्यांनी मोबाईल ओढून घेतला आणि नवा स्टिकर पाच वेळा पाठवला.

'हे काय चाललंय, शर्वरी?' दिरांनी विचारलं.

तिने लिहिलं, 'मी नाही. तात्या बोलतायत.'