दोन नऊ

१९९२ साल. सदाशिव पेठेत एका दवाखान्याच्या वर रणपिसे सरांचं संगणक केंद्र होतं. त्या दुपारी नागोराव केंद्राच्या जिन्यावर येऊन बसला आणि काही केल्या उठेना.

"ताई, एकदा बघा नुसतं," तो ललिताला म्हणाला. "लेकरू कालपासून दार उघडंना. आत स्टो हाय, राकेलचा डबा हाय. तिची माय दारापुढं बसून हाय."

नागोराव मूळचा परभणीकडचा. विश्रांतवाडीला राहून एका कारखान्यात पहारा करायचा. त्याची चैताली अध्यापिका विद्यालयाच्या प्रवेश परीक्षेला बसली होती आणि त्या परीक्षेचा निकाल छापायचं काम सरांकडे होतं. प्रवेश मिळाला नाही तर दिवाळीच्या आत लग्न, हे नागोरावाच्या भावांनी ठरवून टाकलेलं. आदल्या दिवशी निकाल लागला. चैतालीच्या गणितापुढे शून्य आलं होतं.

"शाळेत गणितात कधी नव्वदच्या खाली उतरली नाही. तिला शून्य कसं पडंल?"

ललिताला नोकरी लागून तीनच महिने झाले होते. पण हे ऐकताच तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आकडा छापताना किती घरं सोडायची ते प्रोग्रॅममध्ये आधीच लिहून ठेवावं लागतं. एका घराला एक नऊ. दोन नऊ लिहिले की दोनच अंक छापले जातात. शंभर मार्क असले तर डावीकडचा एक गळून पडतो आणि उरतात दोन शून्यं. ती शिकली त्या क्लासमध्ये ही चूक निम्म्या मुलांनी केली होती.

पण हे रणपिसे सरांना सांगायचं कोणी? सर कोणाचं कौतुक करत नसत आणि कोणाची चूक सोडत नसत. निकालाची यादी तपासताना रुपाली नावाच्या एका मुलीला गणितात पैकीच्या पैकी दिसले, तेव्हा ते चष्म्यावरून ललिताकडे बघत म्हणाले होते, "तुम्हाला किती होते? नको, राहू द्या."

ती धीर करून आत गेली आणि एका दमात सगळं सांगितलं.

"म्हणजे मी चुकलो," सर म्हणाले.

"तसं नाही सर, पण ते नऊ..."

"दोन लिहिले असतील असं आपलं म्हणणं. तीन महिन्यांत बरीच प्रगती आहे."

मग त्यांनी दाराच्या फटीतून जिन्याकडे पाहिलं. नागोराव टोपी हातात धरून बसला होता. टोपीची शिवण उसवत होता, आणि ते त्याला कळतही नव्हतं.

"प्रोग्रॅमची छापील प्रत आणा," सर म्हणाले. "आणि परीक्षकांच्या गुणपत्रकांचा गठ्ठा."

"गुणपत्रकं मी बघू का?"

"ते मी बघतो."

ते मशीनच्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. अर्ध्या तासाने प्रिंटरची घरघर ऐकू आली. एकच पान छापून थांबली. सर बाहेर आले ते पान नागोरावाच्या हातात देत.

"शंभर आहेत. चूक माझी. दोन नऊ लिहिले होते मी."

नागोराव पायाशी वाकला. सर मागे सरले. "वाकत बसू नका. रिक्षा करा. ललिता, तुम्हीही जा यांच्याबरोबर."

"बाकीच्या मुलींचे आकडे, सर?"

"पाहिले. दुसरं कोणी नाही."

विश्रांतवाडीत पोचताच नागोरावाने खोलीचं बंद दार दाखवलं. ललिताने ते पान दाराखालून आत सरकवलं. दाराला कान लावला. आत काहीच हललं नाही. नागोरावाच्या बायकोने भिंतीला डोकं टेकलं. मग कडी वाजली. पोरीचे कपडे रॉकेलने भिजले होते.

"हे कोणी छापलं?" तिने विचारलं.

"आमच्या सरांनी."

चैताली कितीतरी वेळ त्या पानाकडे बघत राहिली. मग आईच्या कुशीत शिरली.

सरांनी विद्यालयाला माफीचं पत्र लिहिलं. पुढच्या वर्षी ते काम गेलं, त्यामागून आणखी दोन गेली आणि चौऱ्याण्णव साली केंद्र बंद पडलं. सर एका शाळेत मुलांना संगणक शिकवू लागले. ललिता मोठ्या कंपनीत गेली. तिथल्या प्रत्येक नव्या तुकडीला ती 'रणपिसेंच्या दोन नवांची' गोष्ट सांगायची आणि पोरं पोट धरून हसायची. नागोराव शेवटपर्यंत विश्रांतवाडीतच राहिला. चैताली गणिताची शिक्षिका झाली, पुढे येरवड्याच्या एका शाळेत मुख्याध्यापिका. दर गुरुपौर्णिमेला ती न चुकता सरांकडे जायची. ज्यांच्या चुकीने जीव जायची वेळ आली, त्यांच्याच पाया पडायला जाते, याचं ललिताला नवल वाटे.

दोन हजार अकरा साली सर गेले. ललिता भेटायला गेली तेव्हा त्यांच्या पत्नी, मालनबाई, कपाट आवरत होत्या. "रद्दीतच घालणार होते," असं म्हणत त्यांनी जुन्या, पिवळ्या पडलेल्या कागदांचा एक गठ्ठा तिच्यापुढे ठेवला. ती त्याच प्रोग्रॅमची छापील प्रत होती. कोपऱ्यातली तारीख निकालाच्या आदल्या दिवसाची.

गणिताच्या ओळीत तीन नऊ होते.

घडीत परीक्षकाचं एक गुणपत्रक होतं. चैतालीच्या क्रमांकापुढे शून्य, आणि शेजारी लाल शाईत दोन शब्द: उत्तरपत्रिका कोरी.